कपाटातला सोनेरी लायका आणि पंधरा हजारांचा उक्ता सौदा

एका वाचक भगिनींचं पत्र आहे, सांगली जिल्ह्यातून. त्यांच्या सासऱ्यांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता, डिजिटल आल्यावर बंद पडला. सासरे जाऊन दोन वर्षं झाली. आता दुकानाची जागा रिकामी करायची आहे आणि लोखंडी कपाटात जुने कॅमेरे निघाले आहेत: निकॉन एफएम२ आणि त्याची ५० मिमीची लेन्स, याशिका मॅट-१२४जी, याशिका इलेक्ट्रो ३५, एक झेनिट, एक आग्फा क्लिक ३, पितळी लेन्सचा मोठा लाकडी कॅमेरा आणि एक सोनेरी ‘लायका’, ज्यावर गरुड आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं चिन्ह कोरलेलं आहे. एका व्यापाऱ्यानं सगळ्याचे मिळून पंधरा हजार सांगितले. दिरांचं म्हणणं, लायका कोटींना जातो, नेटवर बघा, घाई करू नका. यजमान म्हणतात, देऊन टाक आणि जागा मोकळी कर. त्या लिहितात: “सगळे चामडी कव्हरमध्ये नीट ठेवलेले, वीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही, अगदी नव्यासारखे आहेत. पन्नास वर्षं जुन्या वस्तूची किंमत नक्की ठरते कशी? विकावे की ठेवावेत? आणि घरात वाद न होता हे कसं निभवावं?”

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत, भाऊजींचे कोट आणि व्यापाऱ्याचे पंधरा हजार. दोन्ही आकडे खोटे नाहीत आणि दोन्ही तुमच्या कपाटाला लागू पडत नाहीत. आधी कोटींचं बघू, कारण घरातला वाद तिथूनच सुरू झालेला दिसतो.

जून २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारला एक लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. रुपयांत शंभर कोटींच्या वर. ही बातमी सगळीकडे फिरली आणि तेव्हापासून ज्याच्या घरी लायका नावाचं काही आहे त्याची झोप उडाली. तो कॅमेरा १९२३ चा, लायका बाजारात येण्याच्याही आधी चाचणीसाठी बनवलेल्या साधारण दोन डझन नगांपैकी एक, क्रमांक १०५. शिवाय तो ऑस्कर बारनॅकचा स्वतःचा, म्हणजे ज्यानं लायका घडवला त्या माणसाचा, आणि वर त्याचं नावही कोरलेलं. ती रक्कम नाव, नग आणि पुराव्याची होती. त्याच कंपनीचा एम३ हा १९५४ चा प्रसिद्ध कॅमेरा दोन लाखांहून जास्त बनला. आज तो महाग मिळतो, पण लाखाच्या घरात. कोटीशी त्याचा संबंध नाही.

आता तुमचा सोनेरी. वाईट वाटून घेऊ नका, पण गरुड, ऑलिंपिक आणि सोनेरी मुलामा ही तिन्ही एकत्र दिसली की तो लायका नसण्याचीच शक्यता जास्त. १९३४ पासून सोव्हिएत युनियनमध्ये खार्किवला ‘फेड’ आणि १९४८ पासून मॉस्कोजवळ ‘झोर्की’ असे लायकाचे हुबेहूब अवतार लाखोंनी बनले. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर हेच कॅमेरे घासून, सोनेरी करून, वर लायकाचं नाव कोरून जगभरच्या जुन्या बाजारांत विकले गेले. खरे सोनेरी लायका १९२९ च्या सुमाराचे, आणि तेही शंभरच्या आत.

खात्री करायला कुणाकडे जायची गरज नाही. लेन्स डावीकडे फिरवून आट्यांवरून काढा. आत, तोंडाच्या वरच्या कडेला एक छोटा दांडा दिसेल. लेन्स मागेपुढे झाली की तिची मागची कड या दांड्याला ढकलते आणि त्यावरून फोकस जुळतो. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला एक लहानसं गोल चाक असतं, नखानं हळूच फिरवलं तर फिरतं. फेड आणि झोर्कीत तिथे चाक नसतं, पाचरीसारखं घट्ट, भरीव टोक असतं. ही एक खूण बनावट करणाऱ्यांनी सहसा बदललेली नसते, कारण बाहेरून दिसत नाही. तुमच्याकडे पाचर निघाली, तर तो झोर्की अधिक थोडी गंमत म्हणून विका: चालू असेल तर आठ-बारा हजार, बंद असेल तर निम्म्याहून कमी. ‘लायका’ म्हणून मात्र विकू नका. समोरच्यानं ओळखलं तर तुमच्या उरलेल्या मालावरचाही विश्वास उडतो, आणि नाही ओळखलं तर ती सरळ फसवणूक आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्यातलं एक गृहीतक आधी बाजूला काढतो: जुनं म्हणून महाग. कॅमेऱ्याला दारूसारखं मुरणं नसतं. आज फिल्मचे कॅमेरे घेणारे बहुतेक लोक पंचवीस-तिशीतले आहेत आणि त्यांना ते कपाटात मांडायचे नाहीत, त्यात रोल घालायचा आहे. म्हणून पहिला प्रश्न वयाचा येत नाही, रोलचा येतो. १२० नंबरचा रोल १९०१ पासून आजतागायत बनतो, ३५ मिमी सहज मिळतो. पण १२६ चं कार्ट्रिज किंवा डिस्क फिल्म लागणारा कॅमेरा कितीही देखणा असला तरी कागद दाबायला ठेवावा लागतो. फुजीनं २०१६ मध्ये एफपी-१००सी ही पॅक फिल्म बंद केली, तेव्हा ती लागणाऱ्या चांगल्या चालू पोलरॉइड कॅमेऱ्यांचा उपयोगच संपला. कॅमेरे तेच, बिघाड शून्य, पण आत घालायला काही उरलं नाही.

रोल मिळतो म्हणून सगळं जमतं असंही नाही. तुमच्याच कपाटातली जोडी घ्या. आग्फा क्लिक ३ आणि याशिका मॅट, दोघांत १२० चाच रोल, दोघांत सहा बाय सहाचे १२ फोटो. एकाचे हजाराच्या आत येतील, दुसऱ्याचे वीस हजार. क्लिक बडोद्यात बनायचा आणि एके काळी मध्यमवर्गीय घरात शिवणयंत्राच्या शेजारी असायचाच. त्यात एकच काच, शटरचा एकच वेग, आणि ‘ऊन’ की ‘ढग’ एवढीच निवड. मॅटमध्ये चार काचांची ८० मिमी लेन्स, एका सेकंदापासून ५०० व्या भागापर्यंत वेग, वरून वाकून बघायची मोठी काच. शिवाय क्लिक इतके बनले की आजही कुठल्याही माळ्यावर सापडतात. मॅट-१२४जी १९७० ते १९८६ एवढ्या काळात बनला, पण स्टुडिओवाल्यांनी तो झिजेपर्यंत वापरला, त्यामुळे धड राहिलेले कमी. क्लिक विकू नका, असं मी म्हणेन. त्याच्या पैशात घरचं एक हॉटेलचं जेवणही होणार नाही, आणि सासऱ्यांच्या हातचं काही ठेवायचं तर यापेक्षा सोपी वस्तू नाही. एक रोल घालून नातवंडांच्या हातात द्या. तो बिघडायला त्यात फारसं काही नाहीच.

आता दुसरं गृहीतक, आणि यात तुमचं नुकसान होण्याचा धोका खरा आहे: वीस वर्षं हात लावला नाही म्हणून नव्यासारखे. गाडी वीस वर्षं न चालवता उभी केली तर आपण नव्यासारखी म्हणतो का? कॅमेऱ्याचंही तेच. आतलं वंगण सुकतं आणि चिकट होतं. मागच्या दाराला लावलेला काळा फोम विरघळून डांबरासारखा होतो. सेल आत राहिला असेल तर हिरवा-पांढरा क्षार बाहेर येऊन तार खातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्याच्यामुळे तुम्हाला खात्री वाटते तेच, चामडी कव्हर. चामडं ओल धरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली ओल साठ टक्क्यांच्या वर सहज असते, त्यात बंद कपाट आणि अंधार. बुरशीला याहून काय हवं? आज पहिलं काम हेच करा: सगळे कॅमेरे कव्हरातून काढा, सेल काढा, कव्हरं वेगळ्या पिशवीत ठेवा. फेकू मात्र नका, विकताना लागतील.

मग एक संध्याकाळ काढा. लागणार मोबाइलचा टॉर्च, मऊ सुती फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा आणि वही.

सुरुवात लेन्सपासून करा. एफएम२ आणि झेनिटची लेन्स काढता येते. तिचं छिद्र पूर्ण उघडा, मागून टॉर्च थोडा तिरका धरा आणि पुढून बघा. डोळा आणि टॉर्च एका रेषेत नकोत, नाहीतर काहीच दिसत नाही. धुळीचे चार-दोन कण असणारच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा गोठलेल्या दवासारखी नक्षी दिसली की ती बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते. मधोमध असेल तर ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग उरतो. सगळीकडून सारखी दुधाळ धुकट दिसत असेल तर तो बहुधा आतल्या वंगणाचा थर, तो निघतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत उमटत नाही, मागच्या काचेवरचा उमटू शकतो. गिऱ्हाईक मात्र दोन्हीला सारखंच घाबरतं आणि भाव पाडतं, म्हणून वर्णनात आधीच लिहून टाकलेलं बरं.

शटरचं परीक्षण मोबाइलवर होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनचं २४० चित्रं प्रतिसेकंद असं सेटिंग असतं. मागचं झाकण उघडा, कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरा, मागून मोबाइलनं चित्रण करत बटण दाबा. मग एकेक चित्र पुढे ढकलून उजेड किती चित्रांत दिसतो ते मोजा. ३० व्या भागाला साधारण आठ, ६० व्याला चार, १२५ व्याला दोन. तीसच्या वेगाला पंधरा चित्रं येत असतील तर शटर निम्म्या गतीनं चाललंय. रंगीत निगेटिव्ह एवढी चूक सहन करते, स्लाइड फिल्म करत नाही. १२५ च्या पुढचे वेग या पद्धतीनं नीट कळत नाहीत, तिथं कारागिराचं यंत्रच हवं. एक सेकंदाचा वेग कानानं ऐका. जुन्या कॅमेऱ्यात मंद वेग आधी अडकतात, कारण ते दात्यांच्या एका वेगळ्या साखळीवर चालतात आणि वंगण सुकलं की पहिली तीच थकते. सर्र असा सलग आवाज यायला हवा. मध्येच थबकला तर लिहून ठेवा. सेल्फ टायमरचा खटका एकाही कॅमेऱ्यात दाबू नका. लेन्समध्येच पातळ पाती असलेल्या जुन्या शटरमध्ये तो अर्ध्यात अडकतो आणि चालू कॅमेरा बंद होतो.

आता एकेक नग. एफएम२ चं बटण दबतच नसेल तर ‘जाम झालाय’ म्हणून बाजूला टाकू नका. त्याचा रोल सरकवायचा खटका अंगाला चिकटवून ठेवला की बटण आपोआप बंद राहतं, अंगठ्यानं तो थोडा बाहेर ओढला की सुटतं. निव्वळ या अज्ञानापायी चालू एफएम२ बंदच्या भावात जातात. मागच्या बाजूचा क्रमांक बघा: आकड्याआधी ‘एन’ हे अक्षर असेल तर ती सुधारित आवृत्ती, फ्लॅश २५० व्या भागाच्या वेगापर्यंत जुळणारी, आणि भाव थोडा जास्त. वेगाच्या चकतीवर एक्स२०० असेल तर ती पहिली, १९८२ ची. दोन्हींत शटर सेलवाचून चालतं, ४००० व्या भागापर्यंत. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी. या यंत्राची किंमत टिकून आहे ती याच कारणानं: आतलं इलेक्ट्रॉनिक्स मेलं तरी कॅमेरा मरत नाही.

मॅट-१२४जीमध्ये पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. मीटर मेलंय असं ठरवण्याआधी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल घालून बघा. तो १.४ व्होल्ट देतो, म्हणजे जवळपास तेवढाच. साधा दीड व्होल्टचा घातला तर मीटर हलेल, पण खोटं वाचेल. वरचं झाकण उघडल्यावर काटा हलतो का, फोकसची चकती सगळीकडे सारखी फिरते का, वरची आणि खालची लेन्स एकसारखी पुढेमागे सरकते का, हे बघा. रोल नसताना हँडल अडलं तर जोर लावू नका.

इलेक्ट्रो ३५ हा १९६६ पासूनचा, सुंदर लेन्सचा आणि एका रबराच्या तुकड्याचा गुलाम. आत एक इवलीशी रबरी गादी असते, ती काळाबरोबर भुगा होते आणि मग कॅमेरा उजेड कसाही मोजतो. रोलचा खटका ओढताना शेवटी ‘खट्ट’ असा ठळक आवाज आला तर गादी शाबूत. नाही आला तर गेली. सेल नसताना याचं शटर प्रत्येक वेळी ५०० व्या भागालाच उडतं, त्यामुळे ‘बटण दाबलं, आवाज आला, चालू आहे’ हे प्रमाणपत्र इथं चालत नाही. वरचे लाल-पिवळे दिवे लागतात का ते सहा व्होल्टचा ४एलआर४४ सेल आणि एक स्प्रिंग वापरून बघता येतं.

झेनिट जर ई मॉडेल असेल तर त्याचं मीटर सेलेनियमचं, सेल लागतच नाही. आकाशाकडे धरल्यावर काटा सरकला तर जिवंत. पण या कॅमेऱ्यात पैसा लेन्सचा आहे. लेन्सच्या कड्यावर ‘हेलिओस ४४-२’ आणि ५८ मिमी असं आहे का बघा. आजची मुलं ही लेन्स अडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतात, कारण मागची पार्श्वभूमी ती भोवऱ्यासारखी फिरवते. बॉडी मेली असली तरी लेन्सचे पैसे येतात. झेनिट-ई तीस लाखांहून जास्त बनले, त्यामुळे बॉडीत दुर्मिळपणा शोधू नका.

लाकडी कॅमेऱ्यावर बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी असेल तर ती वाचा. आलप्पुळाचा ‘वागीश्वरी’ असेल तर तो गेल्या शतकाच्या मध्याचा, सागवानी, आणि आता संग्राहक शोधत असलेला भारतीय कॅमेरा. परदेशी जुना असेल तर लेन्सवर नाव, मापं आणि क्रमांक कोरलेले असतात. लेन्सची किंमत बहुतेक वेळा लाकडापेक्षा जास्त असते. पितळ मात्र घासू नका. चिंच-पितांबरी तर नाहीच. वरचा जुना लाखेचा थर गेला की संग्राहकाच्या लेखी वस्तू खराब झाली. आणखी एक, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हा कॅमेरा तेवढा जुना वाटला तर परदेशी गिऱ्हाइकाच्या नादी लागू नका.

एवढं झालं की तुमच्याकडे वहीत जी पानं तयार होतील त्यांचेच पैसे येतात. जुन्या कॅमेऱ्याच्या बाजारात विकत घेणारा अंधारात असतो, आणि अंधाराचे पैसे तो कापून घेतो. ‘अनटेस्टेड’ असं लिहिलेला माल अनुभवी माणूस ‘बंद’ असंच वाचतो. म्हणूनच एफएम२ आणि मॅट या दोघांत एकेक रोल काढून बघा, असं सांगेन. रोल, धुणं आणि स्कॅन मिळून दीड-दोन हजार एका कॅमेऱ्यामागे जातील. पण वर्णनात त्या रोलमधले चार फोटो लावले की भावात तीन-चार हजारांचा फरक सहज पडतो.

आता नेटवरच्या भावाबद्दल. तिथं दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नाही. एफएम२ ला कुणी साठ हजार लावले असतील तर तो सहा महिने तसाच पडून असेल. ईबेसारख्या ठिकाणी ‘विकले गेलेले’ वेगळे बघायची सोय असते, ती चालू करा, शेवटचे दहा सौदे घ्या, वरचा आणि खालचा टाका, मधले बघा. जपानी विक्रेत्यांचे ‘एक्सलंट’ आणि पुढे पाच अधिकची चिन्हं म्हणजे साधारण बरा माल, ‘जंक’ म्हणजे भंगारच असं नाही पण परतावा नाही. परदेशातला भाव रुपयांत गुणून तो आपला धरू नका. त्यात दुकानाची हमी, दुरुस्ती, ठिकाणाचं कमिशन आणि पाठवणी असते, यातलं तुम्ही काहीच देत नाही आहात.

माझा अंदाज आजच्या भारतीय बाजाराचा, चालू स्थितीतला: एफएम२ लेन्ससह वीस ते अठ्ठावीस हजार, मॅट अठरा ते पंचवीस, इलेक्ट्रो चार ते सात, झेनिट हेलिओससह चार ते सहा, सोनेरी झोर्की आठ ते बारा. लाकडी सोडून बेरीज होते चौपन्न ते अठ्ठ्याहत्तर हजार. न तपासलेल्या मालाला याच्या साधारण चाळीस टक्के, म्हणजे बावीस ते एकतीस. तुमच्या व्यापाऱ्यानं लाकडी कॅमेऱ्यासकट पंधरा सांगितले आहेत. भाव पडेल आहे, पण त्याला दरोडेखोर म्हणायचं कारण नाही. सातातले तीन बंद निघतील, दोघांवर दुरुस्तीचा खर्च येईल आणि एखादा वर्षभर पडून राहील, हे धरून त्यानं उक्ता आकडा सांगितला. तपासणीचं काम तो करणार असेल तर त्याचे पैसे तो घेणारच. फक्त लाकडी कॅमेरा आणि सोनेरी उक्त्यात देऊ नका. कुठल्याही उक्त्या सौद्यात ज्या वस्तूबद्दल मालकाला काही माहीत नसतं तिच्यावरच व्यापाऱ्याचा खरा नफा असतो.

दुरुस्ती करून विकावं का? एफएम२ आणि मॅटचं शटर मंद असेल तर हो. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात अजून जुने कारागीर आहेत, साफसफाई-वंगणाचे काही हजार लागतील आणि ते वसूल होतात. इलेक्ट्रोची गादी गेली असेल तर नको, वेळ आणि मजुरी भावाच्या बरोबरीनं जाते. ‘गादी बदलायला हवी’ असं लिहून विका, हौशी लोक स्वतः करतात. झेनिटवर एक रुपयाही घालू नका. दाराचा चिकट फोम मात्र सगळ्यांचा काढून टाका, लाकडी काडीला थोडं स्पिरिट लावून. ते स्पिरिट काचेवर आणि शटरवर जाऊ देऊ नका. दाराच्या बिजागरीला तेल सोडतो तसं शटरला तेल कधीही सोडायचं नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, तुमच्याही कपाटाच्या खालच्या खणात बघा. नव्वदच्या दशकातले प्लास्टिकचे छोटे कॅमेरे आपण मुलांना खेळायला देतो. त्यातले बहुतेक, हॉटशॉट किंवा कोडॅक केबी-१० सारखे, काही शेकड्यांचेच. पण ऑलिंपस म्यू-२ (१९९७) किंवा कॉन्टॅक्स टी२ (१९९०) निघाला तर थांबा. टी२ तर २०१७ मध्ये केंडल जेनर या मॉडेलनं अमेरिकेतल्या टीव्हीवर दाखवला आणि त्याचा भाव आभाळाला गेला. कॅमेरा होता तोच, फक्त हवा बदलली. अशा हवेचे पैसे विकणाऱ्यानं घ्यावेत, घेणाऱ्यानं जपून. त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि ते कधी जाईल ते कळत नाही. असा कॅमेरा घरी असेल तर ठेवून भाव वाढेल म्हणून वाट बघू नका, चालू आहे तोवर विका.

विकायचं कुठे, हा प्रश्न वस्तूनुसार वेगळा. एफएम२ आणि मॅट थेट वापरणाऱ्याला विका, समोरासमोर, दिवसा, त्याला तपासू द्या. पुण्या-मुंबईत फिल्म धुणाऱ्या लॅबकडे असे लोक येतात, तिथं विचारलं तरी गिऱ्हाईक मिळतं. पाठवायचा असेल तर शटर न ताणता, सेल काढून, दोन खोक्यांत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात हे दोन नेऊ नका, तिथं भाव शोभेच्या वस्तूचा मिळतो. झोर्कीला मात्र तीच जागा बरी.

घरातल्या वादाबद्दल. भाऊजींना आकडा चुकीचा आहे असं नुसतं सांगून समजूत पटणार नाही, लेन्स काढून दांड्याचं टोक त्यांनाच दाखवा. वहीतली पानं दोघा भावांसमोर ठेवा, प्रत्येक नगापुढे चालू-बंद आणि अंदाज लिहून. ज्याला जो कॅमेरा ठेवावासा वाटतो त्यानं तो अंदाजाच्या भावानं आपल्या वाटणीत धरावा, उरलेले विकावेत. यजमानांना जागा मोकळी करायची घाई असली तरी या कामाला दोन शनिवार-रविवार पुरतात. आणि लाकडी कॅमेऱ्याला गिऱ्हाईक नाही मिळालं तर गुरुग्रामच्या म्यूझिओ कॅमेरासारखं संग्रहालय आहे, तिथं विचारता येईल.

एक राहिलं. तुम्ही पत्रात निगेटिव्हचा उल्लेख केलेला नाही. स्टुडिओ होता म्हणजे कुठेतरी पाकिटांचे गठ्ठे असणार, नावं आणि तारखा लिहिलेले. जागा रिकामी करताना ते व्यापाऱ्याच्या पोत्यात जाऊ देऊ नका. ते प्लास्टिकच्या बंद डब्यात घालू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे ठेवा, जमिनीपासून वर. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असलेली पाकिटं वेगळी काढा, कारण तो वास सुटला म्हणजे फिल्म कुजायला लागली आहे आणि ती शेजारचीही बिघडवते. ती पाकिटं सगळ्यात आधी स्कॅन करून घ्या.